आल्गोतचं निशाण

माझ्या मुलीचं, बार्ब्रोचं, बारसं झालं तो हिवाळा १९५१चा. चर्चमध्ये माझ्या भावानं तिला हातांवर घेतलं आणि माझ्या नवऱ्यानं त्याला एक वाक्य ऐकवलं. ते वाक्य पुढं नऊ वर्षं आमच्या घरात ठाण मांडून बसलं.

भाऊ फोल्के, नवरा हेल्गे. दोघं स्टेनहित्तानच्या लोखंडाच्या कारखान्यात एकाच पाळीला होते आणि बर्फावर स्केटिंगच्या एकाच क्लबात. दोघंही लांब पल्ल्याचे. पाचशे मीटरला आमच्याकडे कोणी विचारत नसे. ‘त्याला पळणं म्हणत नाहीत, ते दचकणं झालं,’ असं आमचे बाबा म्हणायचे. खरी शर्यत दहा हजारांची. कंबर वाकवायची, एक हात पाठीवर टाकायचा आणि मांड्या पेटल्या तरी तसंच वाकून फेऱ्यांमागून फेऱ्या मारत राहायचं. हेल्गेला ते जमायचं, कारण तो लाकूडतोड्याचा मुलगा, दिवसभर वाकून करवत ओढत वाढलेला. फोल्केला जमायचं, कारण त्याला हरणं सोसत नसे. लहानपणी तो माझ्याशी जेवणाचीसुद्धा शर्यत लावायचा.

आमचे बाबा, आल्गोत, तापलेलं लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये होते. रविवारी ते पंच असायचे. पंचही कसले, तर अदलाबदलीचे. ते काय असतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. शर्यत दोघादोघांची असते. एक आतल्या पट्टीत, एक बाहेरच्या. आतलं वळण आखूड पडतं, म्हणून प्रत्येक फेरीत पलीकडच्या सरळ बाजूला दोघांनी पट्ट्या बदलायच्या. तिथे दोघं बरोबरीनं पोचले, तर बाहेरून आत येणाऱ्याचा हक्क पहिला. आतून येणाऱ्यानं अंग उचलायचं, म्हणजे ताठ व्हायचं, वेग कमी करायचा, वाट सोडायची. नाही सोडली तर बाद. हे बघायला तिथे बर्फाच्या ढिगाला पाठ लावून एक पंच उभा असतो. त्याच्या हातात निशाण असतं, चूक दिसली की तो ते वर करतो.

एका वर्षी बाबांनी आपल्याच फोरमनच्या मुलाला बाद केलं होतं. फोरमन कठड्यावरून ओरडला, “आल्गोत, उद्या कामावर यायचंय ना?” बाबा म्हणाले, “यायचंय. तोवर हा बादच.” तेव्हापासून गावात बोलायची पद्धतच पडली. बाजारात वजनावरून वाद झाला, पत्त्यांत भांडण झालं, की कोणीतरी म्हणायचं, “आल्गोतचं निशाण खाली आहे ना? मग झालं तर.”

त्या फेब्रुवारीत देशाची अजिंक्यपदाची स्पर्धा आमच्या गावाला मिळाली. जो दहा हजार जिंकेल त्याला पुढं नॉर्वेला जाणाऱ्या संघात जागा, असं ठरलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या आणि फोल्के-हेल्गे एकाच जोडीत आले. आई स्वयंपाकघरात वेलचीचे पाव भाजत होती, तिला हे सांगितलं तर ती चुलीकडे बघतच म्हणाली, “मी नाही येणार. एका डोळ्यानं हसू आणि एका डोळ्यानं रडू, एवढं मला येत नाही. बाळाला सांभाळते.”

बाबा बूट पुसत होते. ते म्हणाले, “मला तर यायलाच पाहिजे. अदलाबदल मी बघतोय.”

“दोघंही घरचे,” आई म्हणाली, “कोणी दुसरा उभा करा की.”

“का? माझ्यावर कोणाचा विश्वास नाही?”



शर्यतीच्या दिवशी मी बाबांच्या मागे, ढिगावर उभी राहिले. गाव सगळं पलीकडे, जिथे शर्यत संपते आणि जिथे गरम सॉसेज मिळतात, तिथे. आमच्या बाजूला आम्ही दोघंच. बारीक हिम पडत होतं. फेरीमागून फेरी ते दोघं आमच्यासमोरून पट्ट्या बदलून जात होते आणि स्केटच्या पात्यांचा खरखर आवाज आधी डावीकडून यायचा आणि उजवीकडे विरून जायचा. शेवटच्या थोड्या फेऱ्या राहिल्या तेव्हा हेल्गे पुढं होता. फार नाही, पण पुढं. फोल्केचा चेहरा राखेसारखा झाला होता.

मग ते झालं. हेल्गे बाहेरच्या वळणातून आला, फोल्के आतल्या. बरोबरीनं. हेल्गेचा हक्क. फोल्केनं मान वर केली नाही, वेग कमी केला नाही, सरळ त्याच्या अंगावर गेला. हेल्गेनं दोन्ही हात फेकले, ताठ उभा राहिला, त्याचं एक पातं कडेच्या भुसभुशीत हिमात गेलं. पडला नाही. पण दहा हजार मीटरच्या शेवटी ताठ उभं राहणं आणि पडणं यांत फार फरक नसतो. तो पुन्हा वाकला तोवर फोल्के बाबांच्या समोरून निघून गेला होता.

मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. निशाण त्यांच्या बुटाला टेकून होतं. ते तिथेच राहिलं.

फोल्के जिंकला. पलीकडून टाळ्यांचा आवाज उशिरा उशिरा येत होता. त्याच्या गळ्यात हिरव्या पानांचा हार घातला, तेव्हा तो मागच्या बाजूला, बाबांकडे, बघत होता. हेल्गेही बाबांकडेच बघत होता. बाबांनी नाक शिंकरलं आणि मला म्हणाले, “बर्फ आज चांगला होता, नाही?”

क्लबचा सीव्हर्ट तेव्हा संघाचं बघायचा. त्यानं हेल्गेचा दंड धरला. “तक्रार कर. अडवलं असेल तर तुला एकट्याला पुन्हा पळू देतात. नियमच आहे.”

हेल्गे स्केटचे बंद सोडत होता. “पंचानं काय सांगितलं?”

“पंचानं काहीच सांगितलं नाही.”

“मग झालं तर. आल्गोतचं निशाण खाली आहे.”

घरी आल्यावर दारात बूट झटकताना तो म्हणाला, “रक्त रक्ताकडे बघतं, टोरा. मी बाहेरून आलेला. पट्टीतही आणि घरातही.”

मीही त्याच घरची.

बारसं पुढच्या रविवारी. फोल्केनं मुलीला धरायचं हे आधीच ठरलेलं होतं, आणि आता बदलायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तो इस्त्रीचा कोट घालून आला, डोळे खाली. पांढऱ्या झबल्यासकट मी बार्ब्रोला त्याच्या हातांवर दिलं. हेल्गे त्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “घट्ट धर. वाट सोडायची तुला सवय नाही, पोरीलाही सोडू नकोस.”

फोल्केचे कान लाल झाले. पाद्री पाणी शिंपडत होते, बाबा माझ्या दुसऱ्या बाजूला उभे होते, त्यांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही.

नंतर घरी कॉफी. सात प्रकारची बिस्किटं, आईचा चांगला टेबलक्लॉथ. पाद्री म्हणाले, “आल्गोत, मुलगा चॅम्पियन! आणि तेही तुमच्या निशाणासमोर!” बाबा हसले आणि पाद्रींच्या कपात कॉफी ओतायला गेले. कॉफी कपाशेजारी, क्लॉथवर पडली. बाबा ओततच राहिले.

“अहो!” आई ओरडली. “डोळे फुटले का तुमचे?”

बाबांनी भांडं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसा चोरी पकडल्यावर होतो. मी मनात म्हटलं, लाज वाटते आहे. वाटू दे. हेल्गेनंही तेच म्हटलं असणार, कारण तो उठून बाहेर लाकडं फोडायला गेला, रविवार असून.

त्याच वसंतात बाबांनी निशाण क्लबला परत केलं. “पाय दुखतात,” म्हणाले. मग रोलिंग मिल सोडून कारखान्याच्या फाटकावर काम मागून घेतलं. गावाला काही वाटलं नाही, माणूस म्हातारा होतोच. आम्हाला वाटलं, कारण आम्हाला माहीत होतं. निदान माहीत आहे असं आम्ही समजत होतो.

फोल्के नॉर्वेला गेला आणि तिथून पुढं जातच राहिला. स्टॉकहोमला खेळाच्या सामानाच्या एका दुकानानं त्याला नोकरी दिली, नोकरी म्हणजे काउंटरमागे उभं राहून हात मिळवायचे. अजिंक्यपद त्यानं पुन्हा पुन्हा जिंकलं. एका वर्षी नॉर्वेच्या लोकांना त्यांच्याच बर्फावर हरवलं, तेव्हा आमच्या कारखान्यानं भोंगा वाजवला. रेडिओवर त्याचं नाव आलं की हेल्गे स्वतः उठून आवाज वाढवायचा. “तुझा भाऊ आहे. ऐक.”

वर्तमानपत्रही तोच वाचून दाखवायचा. लहानपणी हाडाच्या आजारानं मला शाळा मिळाली नाही, मला वाचता येत नव्हतं. हेल्गे कामावरून यायचा, हात धुवायचा आणि चष्मा लावून फोल्केच्या विजयाची बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, हवामान वाचावं तशी वाचायचा. मी एकदा म्हटलं, “राहू दे, नको वाचूस.” तो म्हणाला, “घरचं माणूस जिंकलंय, न वाचून कसं चालेल?” पुढं बार्ब्रो शाळेत जायला लागली, तेव्हा मी तिच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवायला लागले. लोक म्हणाले, या वयात हौस बघा. हौस कसली? त्याला पुन्हा ते मोठ्यानं वाचायला लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

आणि अशीच एकदा मी स्वतः वाचलेली बातमी. हॉलंडमध्ये युरोपची स्पर्धा होती. फोल्के सगळ्यांच्या पुढं होता. शेवटच्या शर्यतीत तो बाहेरून आत येत होता, हक्क त्याचाच होता, आणि तरी अदलाबदलीत त्यानंच अंग उचललं, वेग कमी केला आणि दुसऱ्याला वाट दिली. पहिला आला असता तो तिसरा आला. तिथल्या लोकांना ते इतकं आवडलं, की सगळे उभे राहिले. त्याला चांदीची एक थाळी दिली, सभ्यपणाबद्दल. मग कळलं की तो नेहमीच असं करत होता. पहिल्या वर्षापासून. हक्क असो नसो, अदलाबदल आली की फोल्के उठायचा. पत्रकारांनी त्याला ‘बर्फावरचा सद्गृहस्थ’ असं नाव दिलं होतं.

हेल्गेनं माझ्या हातातला कागद घेतला. “आता वाट सोडतोय,” म्हणाला. “आता सगळ्या जगाला सोडतोय.”

ती थाळी फोल्के आगगाडीच्या फळीवर विसरला. रेल्वेवाल्यांनी ती प्रामाणिकपणे परत पाठवली. तो पुन्हा विसरला, ती पुन्हा परत आली. आईला याचं फार हसू यायचं. “एवढ्या थाळ्या जिंकल्या तरी डोकं तेच!” मला हसू येत नसे.

गावी तो क्वचित यायचा. आला की दुपारी यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा. बाबांच्या शेजारी बसायचा नाही. बाबा विचारायचे, “पाय काय म्हणतात?” तो म्हणायचा, “ठीक.” नाताळात सगळे एका टेबलाशी बसायचे, तेव्हा हेल्गे सासऱ्याकडे मीठ मागायचं झालं तर बार्ब्रोला सांगायचा, “आजोबांना सांग, मीठ इकडे सरकवा.” आणि बाबा मीठ सरकवताना हेल्गेकडे असे बघायचे, की जणू त्याचे उपकार आहेत. हे मला कधी कळलं नाही. मी त्याला नाटक समजत होते.

मग १९६०चा फेब्रुवारी. फोल्केनं स्केट खुंटीला टांगले होते. क्लबाला नवी जागा मिळाली नव्हती, तीच जुनी, पण दिवे आले होते आणि सीव्हर्ट आता अध्यक्ष झाला होता. त्यानं ठरवलं, मुलांसाठी एक चषक ठेवायचा. सगळ्यात वेगवान मुलाला नाही, सगळ्यात सभ्यपणे पळणाऱ्याला. नाव, ‘फोल्केची वाट’. फोल्केनं येऊन पहिला चषक द्यायचा. त्यानं दोनदा नाही म्हणून कळवलं. सीव्हर्टनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई मध्ये पडली, “तुझ्या गावची पोरं आहेत, एवढा मोठा झालास का?” मग तो आला.

दुपार होती. आमच्या स्वयंपाकघरात सगळे बसलो होतो. बाबा खिडकीशी, हेल्गे चुलीशी, फोल्के दाराजवळ, कोट न काढता. आई कॉफी ओतत होती, कारण कित्येक वर्षांत तिनं बाबांना भांड्याला हात लावू दिला नव्हता. सीव्हर्ट चषक टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. भाषण त्याला पाठ करायचं होतं, आणि ऐकणारे आयते मिळाले.

“म्हणजे मी सुरुवात अशी करतो,” तो उभा राहून म्हणाला. “मुलांनो! आपला क्लब दोन गोष्टींवर उभा आहे. एक आल्गोतचं निशाण, आणि दुसरी फोल्केची वाट. बापानं कोणाला सोडलं नाही आणि मुलानं कोणाला अडवलं नाही. कसं वाटतं?”

“साखर घे,” हेल्गे म्हणाला.

“नाही, पण कसं वाटतं? बापानं कोणाला सोडलं नाही...”

“सीव्हर्ट,” फोल्के म्हणाला. “मी तो चषक देणार नाही.”

“आता काय झालं?”

“मी हेल्गेला अडवलं. इथेच. त्या वर्षी. तो बाहेरून येत होता, मला दिसला होता, आणि मी वाट सोडली नाही.”

“फोल्के, कॉफी पी,” हेल्गे म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. “कॉफी पी आणि गप्प बस. कोणी विचारलंय तुला?”

“पाय जळत होते. उठलो असतो तर संपलं असतं. मी म्हटलं, बाबा बघतायत. निशाण उचलतील, मी बाद होईन, सुटेन. निदान मी आपण होऊन थांबलो असं होणार नाही.” तो आता बाबांकडे बघत होता, नऊ वर्षांत पहिल्यांदा. “आणि तुम्ही उचललंच नाहीत. का नाही उचललंत बाबा? मी मागितलं होतं का तुमच्याकडे? मला हार नको होता तसला. मी त्या दिवसापासून तुमच्याकडे बघू शकत नाही.”

सीव्हर्ट टॉवेलाची टोकं बांधायला लागला.

बाबा म्हणाले, “कुठली वाट?”

“बाबा!”

“नाही, मला सांग. कुठली वाट? हेल्गेला कोणी अडवलं?”

हेल्गे उठला. “आता एवढं तरी करू नका. तुमच्या नाकासमोर झालं. टोरा तुमच्या मागे उभी होती. तिनं पाहिलं.”

बाबा माझ्याकडे वळले. पूर्ण वळले, अख्खी मान फिरवून, कोंबडी बघते तशी. मी कित्येक वर्षं त्यांना असं वळताना बघत होते आणि मानेचं दुखणं म्हणत होते. मी मान हलवली. पाहिलं होतं.

बाबांनी टेबलावरून हात फिरवला, जणू चुरा गोळा करताहेत. मग म्हणाले, “त्याच्या आधीच्या शरदात मिलमध्ये तापलेला कण उडाला. डाव्या डोळ्यात. बाहेरून काही दिसत नव्हतं, आतून गेला. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात झाडू आला असता. कारखान्याच्या डॉक्टरकडे रांगेत माझ्यापुढचा माणूस अक्षरं मोठ्यानं वाचायचा, तीच मी म्हणायचो. आणि निशाण... लोक काय म्हणाले असते? एका डोळ्याचा पंच! म्हटलं, एवढी स्पर्धा होऊ दे, मग सोडतो.”

आईनं भांडं खाली ठेवलं.

“डावीकडून कोण येतंय ते मला समोर आल्यावरच कळायचं. समोर आलात तेव्हा फोल्के पुढं होता आणि तू मागे, हेल्गे. मधे चांगलं अंतर होतं. त्यात काय उचलायचं?” ते थांबले. “तू घरी बोलेनासा झालास. मला वाटलं, तुला कळलंय. डोळ्याचं. कळलंय आणि तू कोणाला सांगत नाहीस, माझी लाज राखतोयस. मी मनात तुझे आभार मानत होतो.”

हेल्गे खाली बसला. “मी म्हणत होतो, रक्त रक्ताकडे बघतं,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“माझे टेबलक्लॉथ,” आई पुटपुटली, “आणि मी म्हणायचे, डोळे फुटले का.” ती रडत होती.

बाबा फोल्केला म्हणाले, “मी पाहिलं असतं तर उचललं असतं. तुला बाद केलं असतं. हे तुला ठाऊक नव्हतं?”

फोल्के कोटाचं बटण पिळत राहिला.

“फोरमनच्या पोराला केलं. तुला केलं नसतं? नऊ वर्षं तू असं समजत होतास, की मी पाहिलं आणि गप्प बसलो? आणि तू?” हे हेल्गेला. “आणि तू, टोरा?”

माझ्या बापाला मी बारशाच्या दिवशीच चोर ठरवून मोकळी झाले होते, कपाबाहेर सांडलेल्या कॉफीवरून.

बाबा उठले, कोट घातला. “चला,” म्हणाले. “दाखवा.”

“काय दाखवा?”

“अदलाबदल. जिथे झाली तिथे.”

बर्फावर गाव जमायला लागलं होतं. मुलं स्केट बांधत होती, बार्ब्रोही त्यांच्यात. बायकांनी कॉफीची टेबलं मांडली होती. आम्ही मागच्या बाजूला गेलो. बाबा ढिगाला पाठ लावून उभे राहिले, जिथे उभे राहायचे तिथेच, पण या वेळी तिरके, उजवा डोळा वळणाकडे करून. ते दोघं बूट घालूनच बर्फावर उतरले, घसरत, एकमेकांकडे न बघता. दोघंही चाळिशीला आलेले. फोल्केच्या अंगावर स्टॉकहोमचा कोट, हेल्गेच्या अंगावर कामाचं जाकीट.

“वळणापासून,” बाबा ओरडले. “आणि वाका. ताठ काय येताय, मयताला निघाल्यासारखे?”

ते वाकले. हेल्गे बाहेरून, फोल्के आतून. चालतच, पण वाकून, एक हात पाठीवर टाकून. पलीकडचे लोक बघायला लागले. कोणीतरी हसलं, काही गंमत आहे असं वाटून. मध्यावर आल्यावर हेल्गे थांबला. “इथे,” म्हणाला. “इथे मी उठलो.”

“आणि हा?”

“हा नाही उठला.”

“फोल्के?”

“नाही उठलो.”

बाबांच्या हातात निशाण नव्हतं. लोकरीचा हातमोजा होता. त्यांनी तो हात सरळ वर केला आणि अशा आवाजात ओरडले, की मिलच्या भट्टीपलीकडचे लोक ऐकायचे तसं सगळ्या बर्फानं ऐकलं:

“बाद!”

हसणं थांबलं. मुलंसुद्धा थांबली. सीव्हर्ट टॉवेल काखेत धरून कठड्याशी उभा होता. फोल्के तिथून बर्फ ओलांडून त्याच्याकडे गेला, सगळ्या गावाच्या समोरून, बुटांनी घसरत. एकदा पडला, गुडघ्यावर. कोणी हात दिला नाही, आणि ते बरोबर होतं असं मला वाटतं.

“हे एक्कावन्न सालचं आहे,” तो सीव्हर्टला म्हणाला, पण मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “मी हेल्गेला अडवलं होतं. ऐकलंस ना? आल्गोतचं निशाण वर आहे.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. आमच्याकडे तसं करत नाहीत. दुधाच्या डेअरीतल्या बाई म्हणाल्या, “थंडी वाढतेय, मुलांना पळू द्या.” मुलं पळाली. चषक त्या दिवशी कोणाला दिला नाही आणि पुढंही नाही. तो नाव न कोरलेला तसाच क्लबाच्या कपाटात राहिला. देशाच्या यादीत एक्कावन्न सालापुढं आजही फोल्केचंच नाव आहे. त्यानं वरती, देशाच्या संघटनेकडे जाऊन सांगितलं होतं. त्यांनी म्हटलं, पंचानं तेव्हा निशाण उचललं नाही, आता काही करता येत नाही.

हेल्गेला बर्फावरचा तो सगळा प्रकार आवडला नव्हता. “मला माझं विसरू दिलं असतं तर?” असं तो बरेच दिवस म्हणायचा. पण नाताळात त्यानं मीठ स्वतः मागितलं. “बाबा, मीठ.” बाबांनी दिलं. दोघंही ताटात बघत होते. लाज गेली नव्हती, फक्त ज्याची त्याच्याकडे गेली होती.

फोल्के त्यानंतर दर रविवारी यायला लागला. बाबांना घेऊन तळ्याकाठी फिरायला जायचा. मी खिडकीतून बघायचे, तो नेहमी बाबांच्या डाव्या बाजूनं चालायचा. एकदा दोघं परत आले तेव्हा बाबा दारातच म्हणत होते, “उजवीकडून चाल की रे. तुझं तोंड तरी दिसेल मला.”

“हो,” फोल्के म्हणाला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा डावीकडूनच चालत होता.

आमचे वडील आल्गोत १९६२च्या मार्चमध्ये, अकरा तारखेला, रविवारी सकाळी, तळ्याचा बर्फ सुटायच्या आधी वारले.